मध्यंतराचा आकडा

रोझलीची आणि एमिल ह्राबोव्स्कीची पहिली भेट झाली तेव्हा एमिलचं डोकं ढोलाच्या आत होतं आणि बाकीचा एमिल बाहेर. ढोल कार्व्हर्स लँडिंगच्या शाळेच्या बँडचा, पण गळ्यात रोझलीच्या. एमिल हा प्रसंग पहिल्यांदा सांगू लागला तेव्हा ढोल गाडीच्या चाकाएवढा होता. लग्नानंतर तो ट्रकच्या चाकाएवढा झाला. पोलादाचा कारखाना बंद पडला त्या सुमारास तो पाण्याच्या टाकीएवढा होता, आणि नातवंडं झाल्यापासून त्या ढोलात एक लहानसं कुटुंब सुखाने राहू शकेल अशी स्थिती आहे.

एमिल खरं म्हणजे शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक नव्हताच. बॉल फेकून संघ चालवणाऱ्या त्या गड्याला गालगुंड झालं होतं. दुसऱ्याने आजीचा सोफा जिन्यावरून उतरवताना मनगट मोडून घेतलं होतं. तिसरा एमिल. संघातलं त्याचं नेमून दिलेलं काम म्हणजे बाकावर बसून वाऱ्याने बाक उडू न देणं. हे काम तो आणि त्याच्या शेजारी बसणारा चेट वोझनी, दोघे निष्ठेने करत. त्या शुक्रवारी संध्याकाळी खेळाच्या मास्तरांनी बाकाकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्राबोव्स्की, ऊठ."

मध्यंतराला थोडाच वेळ राहिला होता. बँड रेषेजवळ येऊन वाजवायला तयार उभा होता. एमिलने बॉल फेकला. त्याच्या मते तो फार सुंदर गेला. फक्त ज्याच्या हातात गेला तो माउंट क्लेअरचा, म्हणजे समोरच्या संघाचा होता. त्या मुलाला तेव्हाच भरघोस मिशा होत्या, आणि एमिल शपथेवर सांगतो की त्याला दोन मुलंही होती. मिशीवाला बॉल घेऊन पळत सुटला. कार्व्हर्स लँडिंगचे सगळे गडी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मास्तरांनी टोपी तोंडावर ओढली. एकटा एमिल त्याच्यामागे धावला. किती यार्ड धावला हा आकडाही दरवर्षी वाढत गेला, पण मैदान शंभर यार्डांचंच असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही याची एमिलला खंत आहे. शेवटी रेषेजवळ त्याने मिशीवाल्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघे बँडमध्ये घुसले. मिशीवाला क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलींत पडला, म्हणजे एकूण बरा पडला. एमिल ढोलात गेला. त्याच्या पाठोपाठ बॉलही ढोलात गेला.

रोझलीने वाकून भोकातून विचारलं, "आत कोण आहे?"

"एमिल."

"मागे कशाला धावलास? बाकीच्यांसारखं उभं राहायचं की."

ढोलातून उत्तर आलं, "माझ्यामुळे गेला ना तो."

रोझली म्हणते की त्या क्षणी तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, लग्न करायचं तर याच्याशी. दुसरी, हातातली ढोलाची काठी खाली ठेवायची, कारण तोपर्यंत ती त्याच्या पाठीत घालण्याच्या बेतात होती.

लग्न झालं. फायर हॉलमध्ये, म्हणजे बंबवाल्यांच्या सभागृहात, दोन्हीकडच्या मावश्या-आत्यांनी बिस्किटांचं टेबल असं लावलं की पाहुण्यांना नवरानवरी टेबलापलीकडून नीट दिसेनात. रोझलीच्या थोरल्या बहिणीचं लग्न आधीच चेट वोझनीशी झालेलं होतं, त्यामुळे बाकावरचे दोन सोबती आता साडू झाले. एमिल कारखान्याच्या भट्टीवर आणि चेट त्याच कारखान्याच्या तपासणी-खोलीत. पोलादाचा तुकडा ताणून तो किती ओढीला तुटतो हे लिहून ठेवायचं, हे चेटचं काम. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या आकड्याला तुटते, अशी त्याची श्रद्धा बसली. आणि १९७३ साली व्यावसायिक लीगने क्वार्टरबॅकला गुण देण्याचं सूत्र आणलं तेव्हा चेटला देव भेटल्यासारखं झालं.

आता या सूत्राचं सांगायचं तर ते चार गोष्टी बघतं. फेकलेले किती बॉल आपल्या माणसाने पकडले, एका फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती फेकींवर गोल झाले, आणि किती बॉल शत्रूने पळवले. चारींची भेळ करून एक आकडा निघतो. त्यात सर्वोत्तम, निष्कलंक, याच्यापुढे काही नाही असा आकडा किती, तर एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

"शंभर का नाही?" रोझलीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"गणित आहे ते," चेट म्हणाला.

"मला कुणी विचारलं, तुमचा नवरा कसा आहे, तर मी काय सांगायचं? एकशे अठ्ठावन्नातला बरा आहे?"

हा वाद सुरू झाला सेंट मेरीच्या चर्चच्या तळघरात, आणि तिथेच राहिला. दर मंगळवारी तिथे पिरोगी करतात. बटाटा आणि चीज भरलेल्या, करंजीच्या ठेंगण्या बहिणी. शुक्रवारी त्या विकून चर्चच्या छपराचा खर्च निघतो. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसतात, पारी घेतात, सारण ठेवतात, दुमडतात आणि कडा चिमटतात. हात गुंतलेले आणि तोंड रिकामं; वाद घालायला इतकी सोयीची जागा अख्ख्या खोऱ्यात नाही. हंगाम सुरू झाला की मंगळवारी आदल्या रविवारच्या क्वार्टरबॅकचं शवविच्छेदन होई. एका टोकाला चेट, दुसऱ्या टोकाला रोझली. मधली माणसं डोकी खाली घालून चिमटत.

"समजा," रोझली एकदा म्हणाली, "एका गड्याने प्रत्येक बॉल समोरच्या जमिनीवर आपटला. कुणाला काही मिळालं नाही. त्याचा आकडा किती?"

चेटने डोळे मिटले. त्याला पाठ होतं. "एकोणचाळीस पूर्णांक सहा."

"जमिनीवर आपटून?"

"शत्रूच्या हातात तर दिला नाही ना. त्याचे गुण आहेत ते."

"मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय, चेट? तूही आयुष्यात कुणाच्या हातात काही दिलं नाहीस."

टेबलावर हशा झाला. चेट रागावला नाही. तो मेहुणीवर कधी रागवायचा नाही. फक्त म्हणाला, "मेहुणीबाई, तुमची पिरोगी उघडी राहिली आहे."

रोझलीचं म्हणणं साधं होतं. शत्रूने बॉल पळवला की सूत्र पेन खाली ठेवतं. पण मैदानावर माणूस उभाच असतो ना? आता तो काय करतो? डोकं धरून बसतो, पकडणाऱ्याकडे बोट दाखवतो, की मागे धावतो? हे कोण मोजणार? म्हणून तिने स्वतःचा आकडा काढला. त्याला ती 'पाठलाग' म्हणायची. बॉल गेल्यावर उभा राहिला तर शून्य. दुसऱ्यावर ओरडला तर वजा. धावला तर गुण, मग पोचो वा न पोचो. या आकड्यावर मोठेमोठे नामांकित क्वार्टरबॅक धुळीला मिळाले आणि कुठले तरी कोपऱ्यातले गडी डोक्यावर जाऊन बसले.

"यात मोजमाप कुठे आहे?" चेट कळवळून म्हणायचा. "पोचो वा न पोचो? मी कारखान्यात असं लिहिलं असतं, की सळई तुटली पण तिने फार प्रयत्न केला, तर?"

"सळईला लाज नसते, चेट. माणसाला असते."

हळूहळू रोझली सगळ्यांनाच पाठलागाचे गुण देऊ लागली. फादर मिरोनचं प्रवचन एकदा मधेच भरकटून मासेमारीवर गेलं, पण त्यांनी घाम पुसत ते पुन्हा संत पॉलपर्यंत ओढून आणलं, म्हणून त्यांना नव्वद. टीव्हीवरच्या हवामानवाल्याला हिमवर्षावाचा अंदाज चुकल्यावर दुसऱ्या दिवशी हसत उभा राहिला म्हणून वजा दहा. स्वतःच्या बहिणीला, जळलेल्या केकवर साखर पेरून तो वाढला म्हणून, पंचाऐंशी. अख्ख्या गावाला आकडा मिळाला. मिळाला नाही तो एकट्या एमिलला.

"माझा किती?" तो लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी विचारायचा.

"खेळ चालू असताना कुणी आकडा काढतं का?" रोझली म्हणायची, आणि त्याच्या ताटात आणखी एक कोबीची गुंडाळी वाढायची.

सुरुवातीला ती गंमत होती. १९८४ साली कारखान्याने भट्टी थंड केली तेव्हा ती गंमत राहिली नाही. एमिल बेचाळीस दिवस... नाही, हा आकडा एमिलचा आहे, आणि एमिलचे आकडे आपल्याला माहीत आहेत. बराच काळ तो घरी बसला एवढं खरं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून तो समोरच्या बंद धुराड्याकडे बघत राहायचा. मग एक दिवस उठला आणि शेजाऱ्याचं कुंपण रंगवून आला. मग त्याच्या शेजाऱ्याचं. मग शाळेची बस चालवू लागला, आणि सुटीत घरं रंगवू लागला. त्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्याने विचारलं तेव्हा आवाज वेगळा होता. "रोझ, आता तरी सांग. कितीही कमी असला तरी चालेल."

"बस चालवणाऱ्याशी गप्पा मारू नयेत, असं बसमध्येच लिहिलेलं असतं," रोझली म्हणाली. पण त्या रात्री तिने त्याच्या बोटांमधला रंग रॉकेलने पुसून काढला, एकेक बोट.

आकडा मात्र सांगितला नाही. एमिलने मनाशी धरलं की तो फारच वाईट असणार. बायको त्याला वाचवते आहे.

वर्षं गेली. टीव्हीवाल्यांनी क्वार्टरबॅकसाठी नवा आकडा काढला, त्यात कुठली फेक किती अडचणीच्या वेळी झाली तेही धरलं जाऊ लागलं. चेट म्हणाला, हा पाखंडीपणा आहे. रोझली म्हणाली, चला, निदान अक्कल यायला सुरुवात झाली. दोघांचे केस पांढरे झाले, आवाज तेवढेच राहिले. जुन्या मुख्य बाई वारल्यावर तळघराचा कारभार चेटकडे आला, आणि त्याने पहिल्याच महिन्यात भिंतीवर फळा टांगला. चिमटणाऱ्या प्रत्येकाला गुण. तासाला किती पिरोगी, त्यातल्या उकळताना किती फुटल्या, कड किती सरळ, सारण किती सारखं. चार गोष्टी. आणि सर्वोत्तम आकडा, चेटची देवावरची निष्ठा बघा, एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

लोक हसले, पण मंगळवारी आल्या आल्या आधी फळ्याकडे बघू लागले. पिरोगी जास्त होऊ लागल्या हेही खरं.

याच सुमारास एमिलचा उजवा हात कापू लागला. आधी कॉफीच्या कपात लाटा आल्या. मग शर्टाची बटणं वैरी झाली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि व्यायाम म्हणून हातांना काम देत राहा असं सांगितलं. एमिल मंगळवारी रोझलीच्या शेजारी बसून चिमटत राहिला. पण अंगठा जिथे दाबावा तिथे दाबेना. त्याच्या पिरोगी उकळत्या पाण्यात पडल्या की तोंड उघडायच्या आणि आतला बटाटा पातेलंभर फिरायचा. फळ्यावर त्याचं नाव खाली सरकत गेलं. एका मंगळवारी ते सगळ्यात खाली आलं, आणि समोर आकडा होता अकरा.

पुढच्या मंगळवारी एमिल म्हणाला, "तू जा. मला गराज आवरायचं आहे."

त्याच्या पुढच्या मंगळवारीही गराज आवरायचं होतं. तिसऱ्या मंगळवारी रोझली गाडीची चावी हातात घेऊन गराजच्या दारात उभी राहिली. आत एमिल एका स्टुलावर बसला होता. गराज जसं होतं तसंच होतं.

"चल."

"मी गेलो की तुमचं पातेलं खराब होतं, रोझ. पाणी बदलावं लागतं. चेट काही बोलत नाही, पण मला दिसतं."

"तुझी काय इच्छा आहे?"

एमिलने हाताकडे बघितलं. "तुझ्या शेजारी बसायची," तो म्हणाला. "पण दयेने बसवलेलं नको. बटाटे सोलायला बसेन, पण दयेने नको."

"गाडीत बस," रोझली म्हणाली.

तळघरात सगळे आले होते. एमिल दारातच अडखळला. रोझली फळ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चेट, हा अकरा कसा आला?"

चेटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सूत्राने आला. मी काय करू? त्याचं नाव गाळलं असतं तर तू मला लाटण्याने मारलं असतंस. आणि त्याने दुप्पट."

"नाव गाळू नकोस. आकडा चुकलाय म्हणते मी. फुटलेल्या पिरोगी पातेल्यातून कोण काढतं?"

"एमिल."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. माझ्यासुद्धा."

"मग त्या कुठे जातात? फेकून देतो तो? निथळतो, लोण्यात कांदा परततो, त्यात कुरकुरीत करतो, आणि दुपारी आपण सगळे त्याच तर जेवतो. गेले दोन मंगळवार काय जेवलात?"

टेबलाच्या मधून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "सँडविच. गार."

"हे फळ्यावर कुठे आहे?" रोझलीने विचारलं. "पिरोगी फुटली की तुझं पेन खाली. मागे धावतो कोण, ते लिहायला जागाच नाही तुझ्याकडे."

"अगं, पण त्यातल्या निम्म्या त्याच्याच फुटलेल्या असतात," चेट काकुळतीने म्हणाला.

"म्हणून तर म्हणते. स्वतःचं गेलेलं स्वतः गोळा करतो. टेबलावर असा दुसरा दाखव."

चेटने हात पुसले. खरं तर त्याला फळा तिथल्या तिथे पुसून टाकायचा होता, पण इतक्या वर्षांचा वाद असा मधेच सोडणं हा रोझलीचा अपमान झाला असता, हे त्याला कळत होतं. म्हणून तो म्हणाला, "ठीक आहे, मेहुणीबाई. अख्ख्या गावाला तुम्ही आकडे वाटलेत. यालाच कधी दिला नाहीत. आज द्या. एमिलचा आकडा किती?"

चिमटणारे हात थांबले. पातेलं तेवढं उकळत राहिलं. एमिल अजून दारातच होता, कोट अंगात, टोपी हातात, आणि ती टोपी थरथरत होती. आपण आता बाहेर निघून जावं असं त्याला वाटलं, आणि पाय मुळीच हलू नयेत असंही वाटलं.

रोझलीने त्याच्याकडे बघितलं. "एकोणचाळीस पूर्णांक सहा," ती म्हणाली.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. चेटने सवयीने डोळे मिटले. "म्हणजे प्रत्येक फेक जमिनीवर."

"बहुतेक सगळ्या. कारखाना जमिनीवर. पोटमाळ्याची खोली बांधायला काढली, ती जमिनीवर. माझ्यासाठी झोपाळ्याचं बाक केलं, ते माझ्यासकट जमिनीवर." तिने श्वास घेतला. "पण आमचं म्हणून जे काही होतं, ते या माणसाने कधी दुसऱ्याच्या हातात जाऊ दिलं नाही. तुझ्याच सूत्राने सांगते, चेट. त्याचे गुण आहेत ते."

"आणि ढोलातला तो बॉल?" चेटने विचारलं. "तो तर शत्रूने पळवला होता."

"तो ढोलात होता. ढोल माझा होता. म्हणजे परत आणला की नाही?"

आता चेट त्या दिवशी बाकावर होता, हे विसरून चालणार नाही. त्याला सगळी मॅच पाठ होती, एकूण एक फेक. त्याने तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मग त्याने दारातल्या एमिलकडे बघितलं, त्या टोपीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हाताशी असलेला आकडा गिळला.

"बरोबर," चेट म्हणाला. "पळवलेले बॉल, शून्य."

एमिल दोन पावलं आत आला. "रोझ," तो म्हणाला, "तू म्हणायचीस, खेळ चालू असताना आकडा काढत नाहीत. मग आता खेळ संपला का?"

"मध्यंतराचा आकडा आहे हा," रोझली म्हणाली. "कोट काढ आणि बस."

तो तिच्या शेजारी बसला. काही दिवसांनी त्यांची एक रीत बसली. पारी एमिलच्या तळहातावर, सारण तो ठेवणार, दुमडणार तोच, आणि कडेवरून त्याचा अंगठा फिरू लागला की त्याच्यावर रोझलीचा अंगठा. एक पिरोगी करायला दोघांना तिप्पट वेळ लागे, त्यामुळे आकडा फारसा सुधारला नाही. पण त्या फुटत नसत. चेटने फळ्यावर दोन नावं पुसून एकच लिहिलं: 'ह्राबोव्स्की, दोघे.' आणि उजव्या कडेला एक पाचवा रकाना आखला. त्याला मथळा दिला नाही, कारण पाठलाग हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिणं त्याच्या जिवावर आलं. नुसता रकाना आखला, आणि दर मंगळवारी दुपारी ताटलीतली शेवटची कुरकुरीत पिरोगी संपली की तिथे एमिलच्या नावासमोर एक बरोबरची खूण करू लागला.

लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा फायर हॉलमध्ये पुन्हा बिस्किटांचं टेबल लागलं. एमिलने ढोलाची गोष्ट सांगितली. मिशीवाल्याला त्या दिवशी तीन मुलं होती. ढोलातून बाहेर निघायला एमिलला शिडी लागली. "माझ्यामुळे गेला ना तो," इथे तो नेहमीप्रमाणे थांबला, आणि रोझलीने नेहमीप्रमाणे त्याच्या कापऱ्या हातावर हात ठेवला.

"मग मॅचचं काय झालं, आजोबा?" धाकट्या नातीने विचारलं.

एमिल चेटकडे बघू लागला. चेट बिस्किटांकडे बघू लागला.

एमिलने त्या दिवशी एकूण तीन बॉल शत्रूच्या हातात दिले होते. बाकीच्या दोघांच्या मागे धावणं जमलं नाही, कारण एकदा तो आडवा होता आणि एकदा त्याला कळलंच नाही. अधिकृत सूत्राप्रमाणे त्याचा आकडा शून्य येतो. मॅच ते एक्केचाळीस-शून्य हरले.